न झिजलेल्या टायरचे वय

दिवाळीनंतरच्या आठवड्यात पुण्याहून माझ्या पुतण्याचा फोन आला. थोरल्या बंधूंचा हा धाकटा मुलगा. कापडाच्या पेढीचे खरेदीचे काम आता तोच पाहतो. म्हणाला, "काका, एका व्यवहाराबद्दल तुमचे मत हवे आहे. बाबांना अजून सांगितलेले नाही." बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला या दुसऱ्या वाक्याचे महत्त्व कळते. मी खुर्चीत सरसावून बसलो.

व्यवहार होता जुन्या पोर्शे केमन गाडीचा. २०१७ सालचे मॉडेल, मुंबईतील एकच मालक, आणि साडेआठ वर्षांत गाडी धावली होती अवघी नऊ हजार किलोमीटर. किंमत साठ लाखांच्या थोडी आत. कागदपत्रे चोख होती. नोंदणी पुस्तकावर पूर्वीच्या कर्जाचा बोजा होता, तो उतरवल्याची नोंदही झालेली होती. इंजिन, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांची तपासणी एका जाणकाराकडून करून घेतली होती. एवढा खर्च अशा हौसेवर करावा की नाही, हा आजचा विषय नव्हे. मुलगा कमावता आहे, पैसे पेढीच्या खात्यातले नसून त्याच्या स्वतःच्या बचतीतले आहेत, आणि बचत करून हौस करणाऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही.

शेवटी तो मोठ्या उत्साहाने म्हणाला, "आणि काका, टायरसुद्धा कंपनीतून आलेलेच आहेत. खाचा जवळजवळ नव्यासारख्या. तो खर्च पुढची चार-पाच वर्षे तरी नाही."

मी एवढेच विचारले, "टायरवरची तारीख पाहिलीस का?"

तो गोंधळला. "टायरवर तारीख असते?"

हाच प्रश्न मला काही वर्षांपूर्वी कोणी तरी विचारायला हवा होता. निवृत्तीनंतरच्या पहिल्या वर्षी मी एका सहकाऱ्याची गाडी विकत घेतली. आठ वर्षांत एकवीस हजार किलोमीटर चाललेली, कायम आच्छादनाखाली ठेवलेली. मी तपासणी अधिकाऱ्याच्या ऐटीत इंजिन क्रमांक, चॅसी क्रमांक, विमा आणि कर असे सारे ताडून पाहिले. टायर काळेभोर होते, खाचा खोल होत्या. त्यांवर टिचकी मारून मी समाधान मानले. पुढच्या मे महिन्यात आम्ही उभयता सांगलीहून पुण्याला निघालो. दुपारची वेळ, कराड मागे पडले होते. मागून धपधप असा आवाज येऊ लागला. रस्ता खराब असेल, असे समजून मी तसाच पुढे गेलो. दोन-तीन मिनिटांतच मागच्या डाव्या टायरचा वरचा पट्टा सोलून निघावा तसा सुटला, गाडी आडवी झाली आणि दुभाजकाला घासत थांबली. सौभाग्यवतींचे उजवे मनगट मोडले.

टायरच्या दुकानात त्या सुटलेल्या पट्ट्यावरच्या खाचा मोजल्या, तर त्या पाच मिलिमीटरांहून अधिक भरल्या. आपल्याकडील मोटार वाहन नियमांनुसार मोटारीच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर असावी लागते. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने माझा टायर उत्तम होता. दुकानदाराने टायरच्या बाजूवरील चार आकडे दाखवले आणि तो म्हणाला, "साहेब, हा गाडीबरोबरच आलेला आहे. नऊ वर्षांचा." पत्नीचे मनगट जुळले, पण पावसाळ्यात पोळ्या लाटताना तिचा हात अजून थांबतो. तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. म्हणूनच ती गोष्ट मी विसरलेलो नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. खाचेची खोली टायर किती वापरला गेला ते सांगते. तो किती जुना झाला, हे ती सांगत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि हा फरक आपल्या व्यापारी घरांना समजावून सांगण्याची खरे तर गरज नाही. गोदामातील कापडाचा तागा कोणी उलगडला नाही, म्हणून तो नवा राहतो काय? घडीवर पिवळी रेघ उमटते, धागा विरतो. औषधाच्या दुकानातील न उघडलेली बाटलीही तारीख उलटल्यावर विकता येत नाही. बँकेत नजरतारण कर्जाची तपासणी करताना आम्ही केवळ मालाची रास पाहत नसू, माल कधी आला ते विचारत असू. येणे बाकीच्या यादीतही रकमेपेक्षा तिचे वय महत्त्वाचे. ९० दिवसांवरची उधारी सहसा ड्रॉइंग पॉवरच्या हिशेबातून वगळली जाई. आकडा तोच, पण वयामुळे त्याची किंमत बदललेली. टायरचेही असेच आहे.

रबर बसल्या जागी जुने का होते, हेही थोडक्यात पाहू. चार्ल्स गुडइयर याने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची रीत शोधली. त्या प्रक्रियेत रबराचे लांब रेणू एकमेकांना गंधकाच्या दुव्यांनी जोडले जातात आणि त्यातून लवचीकता व बळकटी येते. परंतु ही जोडणी कारखान्यात कायमची थांबत नाही. हवेतील प्राणवायू रबरात शिरत राहतो, नवे दुवे तयार होतात, काही जुने तुटतात, आणि रबर हळूहळू कडक व ठिसूळ होते. टायरच्या आत दाबाखाली भरलेल्या हवेतही प्राणवायू असतोच. तो आतून बाहेर झिरपताना पोलादी पट्ट्यांच्या कडेचे रबर जुने करीत जातो. बाहेरून टायर चकचकीत दिसत असताना आतील थरांची पकड सैल होते, ती अशी. माझ्या गाडीचा पट्टा सुटला तो इथेच.

यात तापमानाचा वाटा मोठा. उष्णता वाढली की अशा रासायनिक क्रियांचा वेग वाढतो. दहा अंशांनी तापमान चढले तर वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा रसायनशास्त्राचे विद्यार्थी शिकतात. सोलापूर, जळगाव किंवा नागपूरच्या उन्हात उभ्या असलेल्या टायरचे वय युरोपातील थंड गॅरेजमधल्या टायरपेक्षा लवकर वाढते, हे यावरून ध्यानात यावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटेल. गाडी नियमित चालवली तर टायर जास्त चांगला टिकतो. रबराचे ओझोन वायूपासून रक्षण करण्यासाठी त्यात मेणासारखे आणि अन्य संरक्षक पदार्थ मिसळलेले असतात. टायर फिरताना दबतो आणि सैलावतो, त्या हालचालीने हे पदार्थ पृष्ठभागावर येत राहतात. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीला हा लाभ मिळत नाही. शिवाय तोच भाग सतत दबून राहिल्याने टायर तिथे चपटा होतो. म्हणजे "गाडी फार चाललेलीच नाही" हे विक्रेत्याचे वाक्य इंजिनाच्या बाबतीत गुण असेल, टायरच्या बाबतीत ते सावधतेची सूचना आहे. आणि जुन्या स्पोर्ट्स कार बहुधा अशाच असतात. त्या हौसेने घेतल्या जातात, रविवारी सकाळी बाहेर काढल्या जातात आणि उरलेले दिवस तळघरातील पार्किंगमध्ये आच्छादनाखाली उभ्या राहतात. खाचा शिल्लक आणि आयुष्य संपलेले, असा टायर याच गाड्यांवर हमखास सापडतो.

मग तारीख कशी पाहावी? टायरच्या बाजूवर 'डॉट' या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी चार आकडे असतात. पहिले दोन वर्षातील आठवडा सांगतात, पुढचे दोन साल. १४१७ असे असेल, तर तो टायर २०१७ सालच्या चौदाव्या आठवड्यात, म्हणजे एप्रिलच्या आरंभी तयार झाला. शेवटी तीनच आकडे असतील, तर तो २००० सालापूर्वीचा आहे. त्याबद्दल काही बोलायलाच नको. पुष्कळदा ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूस असते, आणि ती बाजू आत गेलेली असू शकते. अशा वेळी गाडी उचलून, विजेरी लावून ती पाहावी. चारही टायर वेगवेगळे पाहावेत.

पुतण्याने दुसऱ्या दिवशी छायाचित्रे पाठवली. तीन टायरांवर १४१७ होते, मागच्या डाव्या टायरवर ३९२०. कधी तरी एक टायर निकामी होऊन एकटाच बदलला गेला असावा. म्हणजे गाडीच्या मागच्या दोन चाकांवर साडेतीन वर्षांच्या अंतराचे दोन टायर होते. या गाडीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते आणि ३०० अश्वशक्तीचा सारा जोर मागच्या चाकांवर येतो. तिथे एका बाजूचे रबर मऊ आणि दुसऱ्या बाजूचे कडक असेल, तर पावसात जोराने ब्रेक दाबताना किंवा वळणावर वेग देताना गाडी सरळ राहील, याची हमी कोण देणार?

साधी कार आणि स्पोर्ट्स कार यांत भेद का करायचा, हेही सांगतो. टायर आणि रस्ता यांचा प्रत्यक्ष स्पर्श प्रत्येक चाकामागे जेमतेम तळहाताएवढ्या जागेत होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. वेग दुप्पट झाला तर गाडीतील गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी याच चार तळहातांतून जिरवायची असते. स्पोर्ट्स कारचे टायर रुंद आणि कमी उंचीचे असतात. त्यांचे रबर पकडीसाठी मुद्दाम मऊ केलेले असते. तेच रबर कडक झाले की ज्या गुणासाठी त्या टायरचे एवढे मोल दिले, तोच गुण नाहीसा होतो. गाडीतील संगणकीय नियंत्रण घसरण ओळखून चाकाला आवर घालू शकते, पण रबरात पकडच उरली नसेल तर ती निर्माण करू शकत नाही.

या संदर्भात एक गाजलेली दुर्घटना आठवते. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्नियातील सांता क्लारिटा येथे अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र रॉजर रोडास या दोघांचा मृत्यू झाला. गाडी होती पोर्शे कॅरेरा जीटी, २००५ सालची. वेगवान मोटारींवरील चित्रपटमालिकेमुळे वॉकर हे नाव आपल्या घरातील तरुणांनाही परिचित आहे. पोलिसांच्या तपासात गाडीचा वेग ताशी सुमारे १३० ते १५० किलोमीटर निघाला. त्या रस्त्याची मर्यादा ७२ च्या आसपास होती. अपघाताचे कारण वेग हेच ठरले आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच तपासात आणखी एक नोंद झाली. गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते, आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो. गाडी दुर्मीळ, महाग आणि जपून ठेवलेली. जे भाग महाग होते ते जपले गेले, टायरचे वय मात्र वाढत राहिले.

दुसरे उदाहरण वेगाचे नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणारी प्रवासी बस टायर फुटून झाडावर आदळली. तिघांचा मृत्यू झाला. तो टायर १९ वर्षांचा होता आणि त्याच्या खाचा नियमात बसत होत्या. मृतांपैकी एका तरुणाच्या आईने पुढे अनेक वर्षे पाठपुरावा केला. अखेर फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये दहा वर्षांहून जुने टायर बस आणि मालमोटारींच्या पुढच्या चाकांवर वापरण्यास बंदी आली. खाच मोजणारा कायदा पुरेसा नाही, हे एका देशाला तीन जीव गेल्यावर मान्य करावे लागले.

उष्णतेविषयीचा पुरावा अमेरिकेतून येतो. तेथील महामार्ग सुरक्षा विभागाने एका मोठ्या विमा कंपनीची आकडेवारी तपासली. टेक्सास, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांत त्या कंपनीचे २७ टक्के विमाधारक होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे तेथूनच आले होते, आणि त्यांतील ८४ टक्के दाव्यांत टायर सहा वर्षांहून जुने होते. प्रत्येक दावा वयामुळेच झाला, असे यातून सिद्ध होत नाही. तरी बँकेतील माणूस एवढा कल दिसल्यावर तरतूद केल्याशिवाय राहणार नाही.

मग मर्यादा कोणती मानावी? मिशेलिनसारखी टायर कंपनी सांगते की पाच वर्षांनंतर टायरची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी, आणि तयार झाल्यापासून दहा वर्षांनी, तो कितीही चांगला दिसला तरी, बदलावा. अनेक मोटार उत्पादक सहा वर्षांची मर्यादा सुचवतात. या दोन आकड्यांच्या मधल्या चार वर्षांतच सारा वाद आहे. माझे मत असे. पाच वर्षांच्या आतील टायर, चारही एकाच प्रकारचे, भेगा नाहीत, दुरुस्ती नाही, तर ते राहू द्यावेत. उगाच चांगली वस्तू टाकू नये. सहा वर्षांपुढील टायर साध्या गाडीवर, शहरातील संथ वापरासाठी असेल, तर जाणकाराला दाखवून निर्णय घ्यावा. पण जुनी स्पोर्ट्स कार घेताना सहा वर्षांपुढील टायर खाचा न मोजता बदलावेत. तिथे मागील मालकाने ती कशी ठेवली, हवा किती होती, ऊन किती लागले, यांतले काहीच आपल्याला ठाऊक नसते. ज्या मालाचा इतिहास ठाऊक नाही, त्याचे मूल्य धरताना आपण नेहमीच हात आखडता घेतो.

भेगांबद्दल एक खुलासा. टायरच्या बाजूवर किंवा खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या, रबर तपकिरी पडले, नखाने दाबून दबत नाही असे वाटले, तर टायर जुना झाला हे नक्की. परंतु यांपैकी काहीच दिसले नाही म्हणून तो चांगला, असा उलटा निष्कर्ष काढू नये. विक्रीपूर्वी टायरला पॉलिश लावून काळाभोर करणे हे तर अर्ध्या तासाचे काम. माझ्या टायरवर एकही भेग नव्हती.

यथावकाश बंधूंना सारे कळले. गाडीवरून व्हायचे ते झाले. त्यात मी पडत नाही. पण टायरचा विषय निघाल्यावर त्यांनी मलाच फोन लावला. "अरे, खाचा साडेपाच-सहा मिलिमीटर आहेत म्हणे. चांगला माल तू मुलाला फेकायला सांगतोस? आपल्या घरात दोऱ्याचे रीळसुद्धा पुरते संपल्याशिवाय टाकत नाहीत." त्यांचे म्हणणे मला परके नाही. आम्ही दोघे एकाच वडिलांच्या हाताखाली वाढलो. पार्सलांवरची सुतळी सोडवून तिचे गुंडे करणारे ते वडील. वस्तू पुरेपूर वापरावी, हा संस्कार मी मोडीत काढणार नाही.

मी त्यांना म्हणालो, "दादा, माल चांगला आहे की नाही, हाच तर प्रश्न आहे. तुमच्या गोदामात साडेआठ वर्षांचा तागा निघाला, तर तो तुम्ही ग्राहकाला नव्या भावाने देता का?" त्यांनी थोडा वेळ काही म्हटले नाही. मग विचारले, "किती खर्च येईल?"

हिशेब मी त्यांच्यासमोर असा मांडला. दुकानदाराने चार टायर, बसवणे, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून दीड लाखाच्या आसपास अंदाज दिला होता. साठ लाखांच्या व्यवहारात तो अडीच टक्के झाला. नवे टायर सहा वर्षे वापरले, तर वर्षाला पंचवीस हजार, महिन्याला दोन हजारांच्या थोडे वर. गाडीचा घसारा याच्या कितीतरी पट आहे. शिवाय मुख्य मुद्दा असा की हा खर्च खरेदीनंतरचा नव्हेच. तो खरेदीच्या किमतीचाच भाग आहे. विक्रेता जी गाडी 'तयार' म्हणून विकतो आहे, ती चालवण्यायोग्य होण्यासाठी आणखी दीड लाख लागणार असतील, तर ते सौद्याच्या वेळीच टेबलावर यायला हवेत. छायाचित्रे दाखवा, तारखा वाचून दाखवा आणि किंमत कमी करून घ्या. आपल्या मंडळींना भावाची बोलणी करायला शिकवण्याचा आगाऊपणा मी करीत नाही.

पुतण्याने तसेच केले. विक्रेत्याचा मध्यस्थ आधी म्हणाला, "शेठ, एवढ्या चांगल्या टायरसाठी कोणी पैसे सोडत नाही." तारखा वाचून दाखवल्यावर तो नरमला, आणि ऐंशी हजारांवर तडजोड झाली. मूळ टायर असले तर गाडीचे संग्राह्य मूल्य वाढते, हाही मुद्दा त्याने मांडला होता. जुन्या दुर्मीळ गाड्यांच्या संग्राहकांत तो खरा आहे. पण त्यावर उपाय साधा. मूळ टायर प्रदर्शनासाठी सावलीत ठेवावेत आणि रस्त्यावर नव्या टायरवर जावे. आणि केमन काही अजून संग्रहालयात ठेवण्याजोगी झालेली नाही.

नवे टायर घेताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, दुकानातील 'नवा' टायरही शेल्फवर जुना झालेला असू शकतो. बसवण्यापूर्वी त्याची तारीख वाचावी आणि वर्षभराच्या आतील मागावा. दोन, चारही एकाच कंपनीचे आणि एकाच प्रकारचे असावेत. या गाडीचे पुढचे टायर २३५ मिलिमीटर रुंद आणि मागचे २६५, त्यामुळे पुढचे मागे बदलून लावण्याची सोय नाही. तीन, वेगाचे अक्षर आणि भाराचा आकडा गाडीच्या पुस्तिकेप्रमाणेच असावा. 'व्ही' म्हणजे ताशी २४० पर्यंत, 'डब्ल्यू' म्हणजे २७०, 'वाय' म्हणजे ३००. आपण तेवढ्या वेगाने जाणार नाही, जाऊही नये, परंतु तो टायर किती उष्णता सोसू शकतो याचेही ते अक्षर निदर्शक आहे. पोर्शेने स्वतः चाचणी घेतलेल्या टायरवर 'एन' अक्षर आणि पुढे आकडा असतो. तो असल्यास उत्तम. चार, नवे टायर बसवल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर सौम्यपणे चालवावे. साच्यातून येताना त्यांवर जो गुळगुळीत थर राहतो, तो निघून गेल्यावरच पूर्ण पकड येते. अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते. पंक्चर भरण्याचे द्रावण आणि छोटा पंप दिलेला असतो. त्या द्रावणाच्या बाटलीवरही मुदत छापलेली असते, तीही पाहावी.

उरला प्रश्न काढलेल्या टायरांचा. दुकानदार म्हणाला, "ठेवून जा, खाचा चांगल्या आहेत, कोणी तरी घेईल." बंधूंनाही ते पटले. दोन-चार हजार सुटले असते. या ठिकाणी मात्र मी आग्रह धरला. जो टायर आपल्या मुलाच्या गाडीवर नको, तो दुसऱ्या कोणाच्या मुलाच्या गाडीवर कसा चालेल? तो घेणारा गरजू असणार, तारीख न पाहणारा असणार, आणि त्याच्या गाडीत माणसे बसणार. जोखीम विकून टाकली म्हणजे ती नाहीशी होत नाही, ती फक्त आपल्या वहीतून दुसऱ्याच्या वहीत जाते. पुतण्याने समोर उभे राहून चारही टायर कापून घेतले आणि भंगारात दिले. यात त्या २०२० सालच्या टायरचाही समावेश होता. त्याचे मलाही थोडे वाईट वाटले. एकटाच शिल्लक राहिला नसता, तर तो तपासून आणखी वर्षभर चालला असता.

गेल्या महिन्यात पुतण्या ती गाडी घेऊन सांगलीला आला. गल्लीतील मुलांनी गाडीला वेढा घातला. रंग, आवाज, वेग यांची चर्चा सुरू झाली. माझ्या पत्नीने बाहेर येऊन गाडीकडे कौतुकाने पाहिले, मग चष्मा लावून मागच्या चाकाजवळ वाकली आणि म्हणाली, "बाळा, हे आकडे मला वाचून दाखव बघू." त्याने चारही चाकांवरचे वाचून दाखवले. ती समाधानाने आत गेली आणि पोळ्यांचा तवा ठेवला.

वाचकहो, स्पोर्ट्स कार आपल्यापैकी थोड्याच घरांत असेल. पण दोन गाड्या असलेली आणि त्यांतली एक फारशी बाहेर न निघणारी घरे पुष्कळ आहेत. वडिलांची आठवण म्हणून जपलेली जुनी गाडी, मुलगा परदेशी गेल्यामुळे उभी असलेली कार, दुकानाचा जुना टेम्पो, आणि डिकीतील स्टेपनी, जी कधीच जमिनीला लागलेली नसते. येत्या रविवारी एक विजेरी आणि एक कागद घ्यावा, आणि प्रत्येक टायरचे ते चार आकडे लिहून काढावेत. सहा वर्षांच्या आत असतील तर कागद गाडीच्या कागदपत्रांत ठेवून द्यावा. त्यापुढचे असतील, तर उन्हाळी सुट्टीच्या प्रवासाला निघण्यापूर्वी टायरच्या दुकानात एक फेरी मारावी.